पायथनचं आयडल: ऑपरेटर पक्के करायला कितपत कामाचं?

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली की पहिल्याच आठवड्यात ऑपरेटरांचा, म्हणजे +, /, == अशा क्रिया करणाऱ्या चिन्हांचा आणि शब्दांचा, तक्ता पुढ्यात येतो. तो पाठ व्हायला वेळ लागत नाही, पण कुठलं चिन्ह नेमकं काय करतं हे एकेक ओळ चालवून पाहिल्याखेरीज डोक्यात बसत नाही. या कामाला नवशिक्यांसाठी आयडल (IDLE), म्हणजे पायथनचा कोड लिहायचा आणि चालवायचा साधा प्रोग्राम, हेच सगळ्यात सोयीचं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

विंडोजवर पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरचा इन्स्टॉलर चालवला की आयडल सोबतच येतं, तेही फुकट. मॅकवरही तसंच. उबुंटूवर पायथन आधीपासून असतं, पण आयडलचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. एकदा टाकलं की इंटरनेट लागत नाही.

उघडल्यावर समोर येतं ते शेल. >>> या खुणेपुढे ओळ लिहायची, एंटर मारायचा, उत्तर खाली हजर. प्रिंट ही छापायची आज्ञा लिहायची गरज नाही, आणि आयडलचा मोठा गुण इथेच आहे. प्रिंट उत्तराची अवतरणं काढून टाकतं, शेल ती ठेवतं. '५' * ३ लिहिलं तर शेल '५५५' असं अवतरणांसकट छापतं, म्हणजे ही संख्या नसून स्ट्रिंग (नुसता मजकूर) आहे हे तिथल्या तिथे दिसतं. तेच प्रिंटमध्ये घातलं तर नुसतं ५५५ येतं आणि शिकणारा ते पाचशे पंचावन्न समजून पुढे जातो. इनपुटने वापरणाऱ्याकडून घेतलेली किंमत कायम स्ट्रिंगच असते, त्यामुळे ही गफलत फार होते. '५' + ३ केलं तर टाइपएरर (प्रकार जुळत नसल्याची तक्रार) येते. आधी इंटमध्ये घालून संख्या करून घ्यायची, मग बेरीज.

टाइप करण्याबद्दल एक सूचना. या लेखातले अंक आणि अँड (and), ऑर (or), इन (in), इज (is), इंट (int) असे पायथनचे शब्द देवनागरीत छापले आहेत, पण शेलमध्ये ते इंग्रजी अंकांत आणि अक्षरांतच लिहायचे. व्हेरिएबलचं, म्हणजे किंमत साठवणाऱ्या जागेचं, नाव मात्र 'वय', 'किंमत' असं मराठीत ठेवलेलं पायथन ३ खुशाल चालवतं. देवनागरी अंक थेट लिहिला तर सिंटॅक्सएरर (लिहिण्यात चूक असल्याची तक्रार) येते, पण तोच अंक अवतरणात टाकून इंटला दिला की नीट संख्या मिळते.

सगळ्यात जास्त वेळ भागाकाराला द्या. ७ / २ चं उत्तर ३.५ येतं, त्यात नवल नाही. पण ६ / २ चं उत्तर ३ नसून ३.० येतं. एक तिरकी रेघ कायम दशांश संख्याच देते, भाग निःशेष गेला तरी. पूर्णांक हवा तर दोन रेघा: ७ // २ म्हणजे ३. आता -७ // २ करून पाहा. उत्तर -४. सी किंवा जावा शिकून आलेल्यांना इथे -३ अपेक्षित असतं, कारण त्या भाषा दशांश भाग छाटून शून्याकडे सरकतात. पायथन खालच्या पूर्णांकाकडे सरकतं, आणि -३.५ च्या खालचा पूर्णांक -४. म्हणूनच -७ % २ चं उत्तर पायथनमध्ये १ आहे, सीमध्ये -१. भागाकार गुणिले भाजक अधिक बाकी म्हणजे मूळ संख्या, हे सूत्र दोन्हीकडे पाळलं जातं: -४ * २ + १ म्हणजे -७. हे शेलमध्ये एकदा स्वतः ताडून पाहा.

% म्हणजे टक्के नव्हे, बाकी. अडीचशे रुपयांवर १८ टक्के जीएसटी काढायचा तर २५० * १८ / १००, उत्तर ४५.०. बाकीचा खरा उपयोग पैशांचे रुपये करताना दिसतो: १२३५ // १०० म्हणजे १२ रुपये आणि १२३५ % १०० म्हणजे ३५ पैसे.

घाताला दोन गुणाकार चिन्हं, **. १० ^ २ लिहिलं तर एररही येत नाही आणि १०० ही येत नाही, येतात ८. ते चिन्ह बिटांवर, म्हणजे संख्येच्या ० आणि १ मधल्या रूपावर, काम करतं: १०१० आणि ००१० यांत जिथे बिट वेगळे तिथे १, म्हणून १०००, म्हणजे आठ. एरर न देता चुकीचं उत्तर देणाऱ्या अशा जागा वहीत लिहून ठेवाव्यात. -२ ** २ ही तशीच दुसरी: घात आधी, ऋण चिन्ह नंतर, उत्तर -४. आणि २ ** ३ ** २ उजवीकडून सोडवलं जातं, म्हणून ५१२ येतं, ६४ नाही. इथे आयडलची एक सोय कामी येते: बंद कंस टाइप केला की त्याच्या जोडीचा कंस क्षणभर उजळतो. क्रमाबद्दल शंका असेल तिथे कंस घालायची सवय यामुळे आपोआप लागते.

तर्काच्या ऑपरेटरांत (अँड म्हणजे आणि, ऑर म्हणजे किंवा) शेलची खरी मदत होते. पर्याय = ५ ठेवा (एक = म्हणजे किंमत देणं, == म्हणजे सारखं आहे का विचारणं) आणि पर्याय १ किंवा २ आहे का हे पाहायला लिहा: पर्याय == १ ऑर २. उत्तर ट्रू किंवा फॉल्स येईल असं वाटतं, येतो २. कारण पर्याय == १ हे फॉल्स ठरलं की ऑर पुढची किंमत जशीच्या तशी परत देतं, आणि शून्य नसलेली संख्या इफमध्ये, म्हणजे अट तपासणाऱ्या ओळीत, खरीच धरली जाते. फाइलमधल्या इफमध्ये हेच लिहिलं असतं तर अट कायम खरी ठरली असती आणि कारण दिसलंच नसतं. बरोबर रूप: पर्याय इन (१, २).

अँडच्या जागी & लिहिणं याहून घातक. वय = ७० ठेवून वय > १८ & वय < ६० चालवा. उत्तर ट्रू! तुलनेआधी & सोडवलं जातं; १८ & ७० म्हणजे २ (दोन्हींत १ असलेले बिट तेवढे उरतात); मग उरतं ७० > २ < ६०, आणि ते खरंच आहे. पायथनमध्ये १८ < वय < ६० असं शाळेतल्या गणितासारखं सरळ लिहिता येतं, तेच लिहावं.

= आणि == यांची अदलाबदल पायथन बरीचशी स्वतःच पकडतं. इफमध्ये एकच = टाकलं तर ३.१० पासून संदेशातच विचारलं जातं, तुम्हाला == म्हणायचं होतं का? ++ मात्र जपून. वय++ ला एरर येते, पण ++वय बिनतक्रार चालतं आणि वय तेवढंच राहतं, कारण ती दोन अधिक चिन्हं आहेत, वाढवण्याचा ऑपरेटर नव्हे. वाढवायचं तर वय += १.

आता उणिवा. पहिली इजबद्दल (दोन नावं एकाच वस्तूची आहेत का, हे तो पाहतो), आणि ती शिकणाऱ्याला खरोखर चकवते. पायथन ३.१२ च्या शेलमध्ये अ = २५७ आणि ब = २५७ अशा दोन ओळी देऊन अ इज ब विचारलं तर फॉल्स येतं; २५६ घेतलं तर ट्रू, कारण -५ ते २५६ या संख्या पायथन आधीच बनवून ठेवतं. त्याच २५७ वाल्या ओळी फाइलमध्ये लिहून एफ५ ने चालवल्या तर ट्रू येऊ शकतं, कारण अख्खी फाइल एकत्र कंपाइल होते (चालवण्याजोग्या रूपात बदलते). म्हणून किंमत तपासायला == च वापरा; इज फक्त None साठी, म्हणजे 'काहीच नाही' या किंमतीसाठी.

दुसरी: वरचा बाण दाबला की मागची ओळ येत नाही, कर्सर नुसता वर जातो. मागची ओळ आणायला विंडोजवर ऑल्ट आणि पी, किंवा कर्सर त्या ओळीवर नेऊन एंटर. तिसरी: तीन-चार ओळी एकदम पेस्ट केल्या तर शेल त्या नाकारतं, त्यासाठी कंट्रोल आणि एन ने नवी फाइल उघडा. वर्ड किंवा व्हॉट्सॲपवरून घेतलेल्या कोडमध्ये वजाबाकीच्या जागी लांब रेघ आणि सरळ अवतरणांच्या जागी गोल अवतरणं येतात. दिसायला सारखीच, पण पायथन ती ओळखत नाही. चौथी: जुनी व्हेरिएबलं शेलमध्ये तशीच राहतात. sum हे नाव संख्येला दिलं की बेरीज करणारं sum त्या सत्रापुरतं बंद पडतं. कंट्रोल आणि एफ६ दाबून शेल कोरं करा.

रंगांची अडचण लहान, पण जाणवते. अँड, ऑर, नॉट नारिंगी दिसतात. चिन्हांचे ऑपरेटर मात्र काळेच, त्यामुळे / आणि // मधला फरक नजरेतून निसटतो. ऑप्शन्समधून अक्षर मोठं करून घ्या. आणि एखादी लांब राशी कुठल्या क्रमाने सुटली हे शेल दाखवत नाही. ते तुकडे करून स्वतःच पाहावं लागतं. अंडरस्कोर म्हणजे _ ही खूण मागचं उत्तर धरून ठेवते, म्हणून ७ // २, मग _ * २, मग _ + १ असं पायरीपायरीने जाता येतं.

ऑक्टोबर २०२४ मधल्या ३.१३ पासून टर्मिनलमधलं पायथनही सुधारलं: रंग आले, अनेक ओळींचा तुकडा एकत्र दुरुस्त करता येतो; वरचा बाण तर तिथे आधीपासूनच चालतो. टर्मिनलची भीती नसेल तर ते घ्या. काळ्या पडद्यापुढे बिचकणाऱ्यांसाठी, आणि जिथे फाइल लिहून लगेच एफ५ दाबायचं असतं अशा कॉलेजच्या लॅबसाठी, आयडलच बरं. मोठा प्रोजेक्ट हाती आला की दुसरा एडिटर शोधावा लागेल, पण ऑपरेटर पक्के होईपर्यंत घाई करू नका.