बोरिक ॲसिडचा सप्लायर बदलला, आता लॉट टू लॉट फरक जाणवत नाही

आम्ही झिंक बोरेट बनवतो, म्हणजे झिंक ऑक्साइड आणि बोरिक गरम पाण्यात, त्यामुळे बोरिक जसं येईल तसाच माल निघतो. आधीच्या सप्लायरच्या सीओएवर (मालासोबत येणारा तपासणीचा दाखला) प्युरिटी दर वेळी ९९.९ टक्के, आणि केक (गाळून उरलेला ओला माल) मात्र कधी पांढराशुभ्र तर कधी पिवळट. लोह १० पीपीएमने वाढलं तरी ते ०.००१ टक्काच, प्युरिटीच्या आकड्यात ते कुठून दिसणार, पण फिल्टर प्रेस उघडला की लगेच दिसतं.

सल्फेटचा त्रास त्याहून जास्त. बोरिक साधारणपणे बोरॅक्स नाहीतर कोलेमनाइट या बोरॉनच्या खनिजांवर सल्फ्युरिक ॲसिड टाकून काढतात, क्रिस्टल नीट धुतले नाहीत की सल्फेट सोबत येतं, बोरॅक्सचा माल असेल तर सोडियम, कोलेमनाइटचा असेल तर कॅल्शियम. आम्ही मदर लिकर, म्हणजे माल गाळल्यावर उरलेलं पाणी, परत फिरवतो कारण त्यात न वापरलेलं बोरिक असतं, ते ओतून कोण देणार, आणि मग ही सगळी घाण फेरीमागे फेरी साठत जाते. केक कितीही धुवा, धुतलेल्या पाण्याची कंडक्टिव्हिटी (क्षार किती उरलेत ते दाखवणारा आकडा) खाली येत नाही आणि दोष जातो प्रोसेसवाल्यांना.

नवीन सप्लायर पाठवतो तो सीओए त्याच लॉटचा असतो, लोह, सल्फेट, क्लोराइड सगळ्याचे आकडे वेगळे, नुसतं 'पास' लिहिलेलं नाही. माल निघायच्या आधी त्याच लॉटचं सॅम्पल येतं. बॅगा मूळ उत्पादकाच्या, शिवण न उसवलेली. हे फार महत्त्वाचं आहे कारण रिपॅक केलेल्या मालात दोन-तीन लॉट मिसळलेले असतात आणि मग कुठलाच सीओए खरा राहत नाही. तरी आमच्या लॅबमध्ये गरम पाण्यात विरघळवून बीकर काळ्या कागदावर ठेवून बघतातच, मग बेरियम क्लोराइड टाकून सल्फेटचा गढूळपणा आणि थायोसायनेट टाकून लोहाचा लाल रंग. अजून तरी बीकर स्वच्छच.

एका लॉटला मॅनिटॉल टायट्रेशनमध्ये (बोरिक किती आहे ते मोजायची चाचणी) शुद्धतेचा आकडा १०० टक्क्यांच्या वर गेला तेव्हा आमच्या क्यूसीने (गुणवत्ता तपासणीवाल्यांनी) लॉट अडवला होता. मी सप्लायरला फोन केला तर सेल्सवाल्याने सरळ त्यांच्या केमिस्टला जोडून दिलं, त्याने सांगितलं की ड्रायर जास्त तापला की थोडं पाणी उडून बोरिकचं मेटाबोरिक ॲसिड होतं, म्हणून त्याच वजनात बोरॉन जास्त भरतो, डोस बोरॉनवर काढा. तसं केलं, बॅच नीट निघाली. असं बोलणारा माणूस सप्लायरकडे असणं हीच मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

तक्रार एकच, पावडर ग्रेड पावसाळ्यात गच्च बसतो, ढेकळं फोडताना धूळ उडते. बोरिक प्रजननासाठी घातक म्हणून युरोपात वर्गीकृत आहे, त्यामुळे चार्जिंगवाल्या पोरांना मास्क आणि एक्झॉस्टशिवाय मी हात लावू देत नाही. ग्रॅन्युलर मागवलाय, तो विरघळायला जास्त वेळ घेतो त्यामुळे बॅच टायमिंग बदलावं लागेल, पण धूळ कमी. आतला लाइनर जाड करून द्या असंही सांगितलंय, अजून उत्तर आलेलं नाही म्हणून एक स्टार राखून ठेवलाय.