एकच मेलिंग लिस्ट की तीन?

ओपन सोर्स सॉफ्टवेअर प्रकल्पाचे वापरकर्ते वाढले की हा पेच येतोच: सगळ्यांसाठी एकच मेलिंग लिस्ट (एका पत्त्यावर टाकलेली मेल सगळ्या सदस्यांना पोचवणारी यादी) ठेवायची, की घोषणा, वापरकर्ते आणि डेव्हलपर अशा तीन करायच्या?

देखभालीला एकच सोपी. तीन केल्या की मॉडरेशनच्या, म्हणजे तपासून पुढे सोडायच्या मेलच्या, रांगाही तीन. एका रांगेकडे कुणी फिरकलंच नाही, तर नवख्याचा पहिलाच प्रश्न तिथे अडकून पडतो. डीमार्कमुळे (पाठवणाऱ्याचा पत्ता खरा आहे का हे तपासायच्या पद्धतीमुळे) मेल परत येण्याची कटकट मात्र दोन्हीकडे सारखीच.

वाचणाऱ्याच्या बाजूने चित्र उलटं. ज्याला फक्त सुरक्षेच्या सूचना हव्यात, तो पॅचवरच्या (कोडमध्ये सुचवलेल्या बदलांवरच्या) लांबलचक चर्चांना कंटाळून लिस्ट सोडतो आणि नेमकी तीच सूचना चुकते. म्हणून घोषणांची लिस्ट सगळ्यात आधी वेगळी काढावी. मेलमन ३ या लिस्ट चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सदस्यांच्या मेलसाठी डीफॉल्ट कृती 'होल्ड' (मंजुरीपर्यंत थांबवणे) ठेवा आणि रिप्लाय-टूमध्ये, म्हणजे उत्तर कुठे जावं त्या रकान्यात, वापरकर्त्यांच्या लिस्टचा पत्ता द्या, म्हणजे उत्तरं योग्य जागी जातात.

उत्तरं मिळण्याच्या बाबतीत मात्र घाईने केलेली फाटाफूट महागात पडते. जाणकार डेव्हलपर लिस्टवरच राहतात आणि वापरकर्त्यांचे प्रश्न तसेच पडून. मग लोक दोन्हीकडे एकदम मेल टाकतात. फक्त एका लिस्टचे सदस्य असलेल्यांची उत्तरं दुसऱ्या लिस्टवर अडतात, चर्चेचा धागा तुटतो. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या प्रकल्पात जनरल (वापरकर्त्यांची) आणि हॅकर्स (डेव्हलपरांची) या लिस्ट वेगळ्या चालतात, कारण दोन्हीकडे नियमित उत्तरं देणारे आहेत.

उत्तरं देणारे चार-पाचच असतील तर चर्चेची एक आणि घोषणांची एक, एवढ्या दोनच पुरे. पॅच रोज येत असतील आणि प्रत्येक लिस्टला दोन मॉडरेटर मिळत असतील, तर तीन करा.