एजिलेंट २१०० बायोॲनालायझर आणि डीएनए १००० किट: पीक धूसर का येतात

बायोॲनालायझर डीएनएचे तुकडे काचेच्या छोट्या चिपवर विजेने सरकवून लांबीनुसार वेगळे करतो; प्रत्येक लांबीचा तुकडा आलेखात एक उंचवटा, म्हणजे पीक, म्हणून दिसतो. पीसीआरचे (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेचे) तुकडे किंवा सिक्वेन्सिंगची लायब्ररी (वाचनासाठी तयार केलेल्या तुकड्यांचा संच) तपासायला ही चिप ॲगरोज जेलपेक्षा नक्कीच सरस आहे. नमुना लागतो फक्त १ मायक्रोलिटर, आणि एका चिपवर लॅडरसोबत (माहीत असलेल्या लांबीच्या तुकड्यांचे मिश्रण) १२ नमुने चालतात. आवाका २५ ते १००० बेसपेअर (डीएनएची लांबी मोजण्याचे एकक). मात्र काचेतला मार्ग अगदी आखूड, त्यामुळे अपेक्षाही तशीच ठेवावी. १०० ते ५०० बेसपेअरमध्ये साधारण ५ टक्के फरक ओळखता येतो, त्यापुढे १० टक्के. ३०० आणि ३२० वेगळे दिसतील, ८०० आणि ८४० बहुधा एकाच पीकमध्ये मिसळतील.

ही मर्यादा गाठण्याआधीच बहुतेक चिप बिघडतात, आणि कारण असते जेल. किट फ्रिजमधून काढून ३० मिनिटे बाहेर ठेवा. थंड जेल दाट असते, पिपेटमध्ये कमी-जास्त येते. जेलच्या कुपीत २५ मायक्रोलिटर डाय (चमकणारा रंग) घालून व्हॉर्टेक्स करा (यंत्रावर हलवून मिसळा), मग फिल्टरमधून सेंट्रिफ्यूजमध्ये २२४० × g वर १५ मिनिटे फिरवा. मिश्रण ४ अंशांवर, अंधारात, चार आठवडे टिकते.

चिपवर काळ्या वर्तुळात G लिहिलेल्या वेलमध्ये (खळग्यात) ९ मायक्रोलिटर जेल घालताना टिप तळाला टेकवा. बाजूने सोडले की बुडबुडा अडकतो आणि त्या रनचे काही खरे नाही. प्रायमिंग स्टेशन (सिरिंजच्या दाबाने जेल चिपच्या मार्गांत भरणारे साधन) C खाचेत, सिरिंजची क्लिप सर्वांत खाली, दट्ट्या १ मिलिलिटरवर. दाबून ६० सेकंद थांबा. क्लिप सोडल्यावर दट्ट्या आपोआप किमान ०.३ मिलिलिटरपर्यंत वर यायलाच हवा. आला नाही तर हवा गळते आहे: सिरिंज किंवा गॅस्केट बदला. ही खूण न पाहता पुढे जाऊ नये.

त्यानंतर उरलेल्या G वेलमध्ये जेल. लॅडरच्या आणि नमुन्यांच्या सर्व वेलमध्ये ५ मायक्रोलिटर मार्कर (तुलनेसाठीचे ठरावीक लांबीचे डीएनए). मग आपापल्या वेलमध्ये लॅडर आणि नमुने. एकही वेल कोरडी ठेवायची नाही. २४०० आरपीएमवर मिनिटभर व्हॉर्टेक्स, आणि ५ मिनिटांत रन सुरू.

मार्करचे पीक बुटके, तेही एखाद्याच वेलमध्ये? मग त्या नमुन्यात क्षार जास्त आहेत. वीज त्यांच्यावाटे जाते आणि डीएनए मार्गात कमी शिरतो. नमुना शुद्ध करताना १० मिलिमोलर ट्रिस बफरमध्ये काढावा. ५० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरच्या वर गेलात तर पीक पसरट होतात, पातळ करा.

लायब्ररीत मुख्य पीकच्या पुढे, जास्त लांबीकडे, दुसरा उंचवटा दिसला तर ती अशुद्धी असेलच असे नाही. पीसीआरची आवर्तने जास्त झाली की वेगवेगळ्या तुकड्यांच्या साखळ्यांचे फक्त टोकाचे ॲडॅप्टर (सगळ्या तुकड्यांना जोडलेले सारखे भाग) जुळतात आणि मधला भाग फुगून राहतो. असा रेणू हळू सरकतो, म्हणून लांब भासतो. ताजे प्रायमर घालून एकच आवर्तन दिले की तो उंचवटा जातो.

नमुना अगदी विरळ असेल तर हाय सेन्सिटिव्हिटी किट घ्या. ते ५ पिकोग्रॅम प्रति मायक्रोलिटरपर्यंत पाहते, पण लांबीतला बारीक फरक डीएनए १००० इतका दाखवत नाही. मायक्रोसॅटेलाइटसाठी (डीएनएतल्या छोट्या, पुन्हापुन्हा येणाऱ्या क्रमांसाठी) दोन्ही किट घेऊ नका. एक-दोन बेसचा फरक कॅपिलरी सिक्वेन्सरवरच वाचावा.