प्रिंटर ऑफलाइन, आणि खात्यातून ३८ हजार

देवगडला आमची हापूसची बाग. गेली काही वर्षं पेट्या थेट मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना पाठवतो, म्हणजे प्रत्येक पेटीवर नाव-पत्त्याचं लेबल लागतं. त्यासाठी घरात एक वायफायवाला प्रिंटर घेतलाय. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वळीव आला, वीज कडाडली आणि राउटर अडाप्टरसकट जळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी केबलवाल्याचा पोरगा नवा राउटर लावून गेला. मोबाइल चालू, लॅपटॉप चालू. प्रिंटर मात्र 'ऑफलाइन'.

पडवीत ४६ पेट्या पेंढा घालून भरून ठेवलेल्या, टेम्पो चारला येणार, आणि मी दोन वाजता प्रिंटर बंद-चालू करत बसलेलो. शेवटी मोबाइलवर प्रिंटरच्या कंपनीचं नाव आणि पुढे 'हेल्पलाइन' असं टाकलं. सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. तो जाहिरात म्हणून वर आला होता, शेजारी बारीक अक्षरात तसं लिहिलंही होतं. एवढ्या घाईत कोण वाचतो.

पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, आणि फार अदबीनं. मॉडेल विचारलं, "सर, टेन्शन मत लीजिए" म्हणाला, आणि लॅपटॉपवर एक ॲप घ्यायला लावलं. त्यातला नऊ आकडी नंबर मी त्याला वाचून दाखवला, 'परवानगी' दाबलं, आणि माझ्या लॅपटॉपचा बाण माझ्याच डोळ्यांसमोर आपोआप फिरायला लागला.

त्यानं इव्हेंट व्ह्यूअर नावाची खिडकी उघडली. लाल गोळे, पिवळे त्रिकोण, खाली खाली जावं तेवढे. "ये सब वायरस है, इसी ने प्रिंटर ब्लॉक किया है." मला घाम फुटला. नंतर कळलं, ती विंडोजची रोजनिशी असते. एखादा प्रोग्रॅम वेळेत उघडला नाही तरी तिथे खूण पडते. कालच आणलेल्या कॉम्प्युटरवरही असले त्रिकोण सापडतात.

मग त्यानं नेटवर्क सुरक्षेचे १,९९९ रुपये मागितले, नेट बँकिंगनं. मी लॉगिन केलं, भरले. मग स्क्रीन काळी झाली. "अपडेट चल रहा है, माउस मत छूना." पाठोपाठ ओटीपी आला. तो म्हणाला, हा लायसन्स चालू करायचा आकडा. मेसेजात ३६,५०० ही रक्कम स्वच्छ लिहिलेली होती. माझा चष्मा लेबलांच्या कोऱ्या कागदांखाली कुठेतरी. डोळे बारीक करून मी फक्त सहा आकडे शोधले आणि मोठ्यानं वाचले.

बायको पन्हं घेऊन आली आणि काळ्या स्क्रीनकडे बघत म्हणाली, "ह्यो नंबर तुमका खंय गावलो?" तेव्हा मी भानावर आलो. राउटरचं बटणच बंद केलं. खात्यातून एकूण ३८,४९९ गेले होते.

पासबुकावरचा नंबर बघून बँकेला फोन केला, खातं बंद करवलं, मग सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन १९३० लावली. तिथे व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम विचारतात, ते हाताशी ठेवा. नंतर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. पैसे एका वॉलेटमध्ये गेले होते, त्यातले ११ हजार पुढे सरकायच्या आत गोठवले गेले. ते अजून हातात आलेले नाहीत. बाकीच्यावर मी पाणी सोडलंय, कारण ओटीपी आपणच सांगितला तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपल्याच माथी, असा नियम रिझर्व्ह बँकेनं २०१७मध्ये केला होता. कळवल्यानंतर पुढे काही गेलं तर ते बँकेचं. म्हणून लाजेपायी तासभर गप्प बसू नका. मी वीस मिनिटं बसलो होतो.

आता प्रिंटरचं. शेजारची बारावीतली मुलगी लेबलं चिकटवायला आली होती. तिनं प्रिंटरवरची दोन बटणं धरून ठेवली, आतून एक कागद आला. त्यावर वायफायचं नाव होतं आमच्या जळालेल्या राउटरचं.

"काका, राउटर बदललात मां? मगे प्रिंटराक कसा कळतला?"

खरं म्हणजे झेरॉक्स दुपारभर निघत होती. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं की यंत्र धडधाकट आहे, फक्त जुनं नाव शोधत बसलंय. तिनं नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि तोच पासवर्ड दिला. अक्षर न् अक्षर तसंच हवं, म्हणाली. आणि राउटरवर वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू आहे ना ते बघितलं, कारण आमच्यासारख्या साध्या प्रिंटरांना ५चा दिसतच नाही. निळा दिवा दोनदा लुकलुकला आणि स्थिर झाला. पाच मिनिटं. माळ्यावर प्रिंटरच्या खोक्यात यूएसबीची वायरही होती, ती जोडली असती तरी लेबलं निघाली असती.

टेम्पोवाला साडेपाचपर्यंत थांबला, त्याला दोन डझन आंबे द्यावे लागले. लॅपटॉप मात्र त्या रात्री पुसून नव्यानं विंडोज टाकून घेतलं आणि सगळे पासवर्ड बायकोच्या फोनवरून बदलले.

जूनमध्ये आणखी एक फोन आला. "सर, आपका जो पैसा गया था वो रिफंड करवा देंगे, प्रोसेसिंग फीस सिर्फ ९९९." किती गेले होते तो आकडा त्याला बरोब्बर माहीत होता. मी फोन बायकोकडे दिला.