थायलंडमधील इंग्रजी शिक्षकाची नोकरी आणि कधीच न आलेला वर्क परमिट

थायलंडमधील शाळांना इंग्रजीचे शिक्षक पुरवणाऱ्या पुण्यातील एका एजंटामार्फत मी २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस तिकडे गेले. तिथले शैक्षणिक वर्ष मेच्या मध्यास आणि दुसरे सत्र नोव्हेंबरात सुरू होते, त्यामुळे ऑक्टोबरात भरतीची घाई असते आणि त्या घाईत कागदपत्रे बारकाईने पाहायला कोणी फारसा वेळ देत नाही. मला पाठवलेल्या इंग्रजी करारात दरमहा ३२,००० बाट पगार, आठवड्याला वीस तासिका, राहण्याची सोय आणि व्हिसा व वर्क परमिटची सगळी जबाबदारी कंपनीची, असे स्पष्ट लिहिलेले होते. त्या करारावर शाळेची सही नव्हती. ती बँकॉकमधील मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीची होती. याचा अर्थ पुढे उलगडत गेला.

थायलंडमध्ये शिकवायचे तर नॉन-इमिग्रंट बी प्रकारचा, म्हणजे नोकरीसाठीचा, व्हिसा, वर्क परमिट आणि तिथल्या शिक्षक परिषदेचा, म्हणजे खुरुसफाचा, अध्यापन परवाना किंवा त्यातून मिळालेली तात्पुरती सूट लागते. एजंटाने मात्र मला व्हिसाशिवायच रवाना केले, कारण २०२४ च्या जुलैपासून भारतीयांना तिथे पर्यटनासाठी साठ दिवस व्हिसाविना राहता येत होते. ‘बाकीचे तिथे गेल्यावर होते,’ हे त्याचे वाक्य होते, आणि त्यासाठी त्याने माझ्याकडून ८५,००० रुपये घेतले. आपल्याकडच्या १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे अशा एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी असावी लागते आणि त्याला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात, तेही पावती देऊन. मला जी पावती मिळाली ती ‘प्रशिक्षण वर्गा’ची होती.

इसान, म्हणजे ईशान्य थायलंड, भागातील एका गावी पोहोचल्यावर दुसरा करार पुढे आला, थाई भाषेत, सोबत इंग्रजी गोषवारा जोडलेला. पगार २४,००० बाट, तोही वर्षातील दहा महिन्यांचाच. पहिल्या दोन पगारांतून अनामत कापली जाणार आणि सत्र संपण्यापूर्वी नोकरी सोडल्यास ती बुडणार. माझ्याबरोबरच्या फिलिपिनो शिक्षिकांचे करार असेच होते, आणि त्याच शाळेत तेच वर्ग घेणाऱ्या ब्रिटिश तरुणाला आमच्याहून बराच जास्त पगार होता. त्याच्याजवळ बीएडसारखी पदवीही नव्हती, हे जाता जाता सांगते. थायलंडच्या १९९८ च्या कामगार संरक्षण कायद्यात सर्वसाधारण नोकरांकडून अशी अनामत घेण्यास मनाई आहे, हे मला तिथल्या एका जुन्या शिक्षिकेने सांगितले, तेव्हा मी मुक्कामाच्या मुदतवाढीसाठी म्हणून पासपोर्ट कंपनीकडे देऊन बसले होते. मुदतवाढ संपल्यावर आम्हाला व्हॅनमध्ये बसवून नोंग खायजवळच्या पुलावरून लाओसमध्ये नेले आणि पुन्हा साठ दिवसांचा शिक्का मारून परत आणले.

या व्यवहाराची खरी मेख इथे आहे. वर्क परमिट नसताना काम करणाऱ्या परदेशी माणसाला तिथे पाच हजार ते पन्नास हजार बाट दंड होतो, त्याला देशाबाहेर काढले जाते आणि पुढे दोन वर्षे त्याला परमिट मिळत नाही. नोकरी देणाऱ्यालाही दंड असतो, परंतु तो आपल्याच देशात राहतो. त्यामुळे पगार कापला म्हणून कामगार कार्यालयात जायचे, तर तक्रारीच्या पहिल्याच ओळीत आपण परमिटविना शिकवत होतो हे लिहावे लागते, आणि कंपनीचा माणूस हे हसत हसत ऐकवतो. परमिट न काढणे हा कंपनीचा आळस नव्हता. शिक्षक गप्प राहावा म्हणून केलेली ती व्यवस्था होती, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून पगाराच्या आकड्याआधी हे पाहावे: व्हिसाच्या अर्जाला लागणारे शाळेचे पत्र भारतात असतानाच हाती येते का, त्यात शाळेचे नाव व पत्ता आहे का, आणि परमिट कोणाच्या नावे निघणार आहे. ते पत्र खरे असेल, तर व्हिसा निघण्यापूर्वी निघण्याची घाई कोणी करत नाही. एजंटाचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर स्वतः तपासावा. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. मुदतवाढीसाठी द्यावाच लागला, तर इमिग्रेशनच्या खिडकीपर्यंत आपण सोबत जावे.

मार्चमध्ये सत्र संपल्यावर मी परतले. अनामत आणि शेवटचा पगार मिळालेला नाही. मुंबईतील उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाकडे तक्रार दिल्यानंतर एजंटाने ८५,००० पैकी ४०,००० रुपये परत केले, उरलेल्यासाठी पोलिसांकडे अर्ज दिला आहे. त्याच्या जाहिराती अजून चालू आहेत, फक्त देश बदलला आहे: आता व्हिएतनाम, पगार अडीच कोटी डाँग. रुपयांत ते महिन्याला ऐंशी-पंच्याऐंशी हजारांच्या आसपास भरतात, आणि जाहिरातीत वर्क परमिटचा उल्लेख कुठेही नाही.