कॅप्टन नेमोची स्वस्त प्रत घेताय? आधी इंजिनिअरचं आडनाव बघा

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे ते मोकळे. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन नेमोच्या दोन कादंबऱ्यांचा ('ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' आणि 'द मिस्टीरियस आयलंड') तो इंग्रजी सेट, चकचकीत कव्हरवाला, कुठल्याही सेलमध्ये पहिल्या पानावर दिसतो तो, पाचपैकी दीड स्टार. अर्धा स्टार कागदाला आणि एक व्हर्नला, कारण त्या माणसाच्या लिखाणाचं कितीही वाटोळं करा तो वाचायला लावतोच. प्रकाशकाचं नाव घेत नाही, एकाचं घेऊन उपयोगही नाही, असले सेट काढणारे बरेच आहेत आणि आतला मजकूर सगळ्यांचा तोच.

भाच्यासाठी मागवला होता. आठवीत आहे, मोबाईलमधून डोकं वर काढत नाही, म्हटलं आपण भा. रा. भागवतांच्या मराठी व्हर्नवर वाढलो तर याला निदान इंग्रजीतून तरी गोडी लागू दे. पार्सल वेळेत आलं, पॅकिंग चांगलं, तिथे तक्रार नाही. कव्हरवर आजच्या नौदलात असते तशी पाणबुडी आणि मागे शार्क, नेमोच्या नॉटिलस पाणबुडीशी काडीचा संबंध नाही पण ठीके, कव्हर बघून कोण पुस्तक वाचतं. आत उघडलं तर फॉन्ट मुंगीएवढा, समास इतका कमी की ओळीचा शेवट शिवणीत गेलेला, पुस्तक दोन्ही हातांनी ताणून धरायला लागतं आणि ताणलं की गोंद सुटतो. आणि स्कॅन करून मजकूर उचललाय हे लपवायचे कष्टसुद्धा घेतलेले नाहीत, मधेच दोन पानं कॅप्टन नेमोचा 'नेर्नो' झालाय, 'एम'चे 'आर' आणि 'एन' झालेत आणि कुणी नजरसुद्धा फिरवलेली नाही. हेही सोडलं असतं मी. पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत भाषांतर कुणाचं ते कुठेच लिहिलेलं नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

ज्यांना नेमो कोण हे माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही अजून, त्यांनी इथून सरळ शेवटच्या खरेदीच्या भागावर उडी मारा. बाकीच्यांसाठी, पुस्तकाला दीडशे वर्षं झालीत त्यामुळे स्पॉयलर स्पॉयलर म्हणून ओरडू नये.

पहिल्या कादंबरीत, म्हणजे समुद्राखालच्या वीस हजार लीगवाल्या, नेमो कुठला, कोण, जहाजं का बुडवतो काहीच सांगत नाही. १८६९-७० मध्ये ती पॅरिसच्या नियतकालिकात क्रमशः आली. व्हर्नने मुळात त्याला पोलिश ठरवला होता, १८६३ साली पोलंडने रशियाविरुद्ध उठाव केला, रशियाने तो चिरडला, त्यात ज्याचं घरदार गेलं असा एक सरदार. प्रकाशक हेत्झेल म्हणाला नको रे बाबा, रशियात आपली पुस्तकं खपतात, त्यापेक्षा तो गुलामांचा व्यापार करणाऱ्या जहाजांच्या मागे लागलाय असं दाखव. व्हर्न त्याला काही बधला नाही. मग तोडगा काय तर तो कुठला हे सांगायचंच नाही! म्हणजे ज्या गूढपणावर आपण फिदा आहोत तो निम्मा धंद्याच्या हिशेबातून आलाय, आणि माझं मत विचाराल तर त्यानेच हे पात्र मोठं झालं, पोलिश सरदार राहिला असता तर आज कुणाला आठवला असता कोण जाणे.

एकच धागा सोडलाय त्याने. सिलोनजवळ मोती काढणारा एक गरीब पाणबुड्या, त्याच्यावर शार्क येतो आणि हा नेमो, जो माणसांशी सगळे संबंध तोडून बसलाय, नुसता सुरा घेऊन त्या शार्कवर जातो. शेवटी नॉटिलसवर अडकलेल्या नेड लँडचा हार्पून लागतो म्हणून वाचतो, नाहीतर संपला होता. वर आल्यावर त्या बेशुद्ध माणसाला शुद्धीवर आणतात आणि नेमो खिशातून मोत्यांची पिशवी काढून त्याच्या हातात ठेवतो. नंतर प्रोफेसर, म्हणजे नॉटिलसवर अडकलेला आणि ही गोष्ट सांगणारा, विचारतो तर नेमो म्हणतो की हा हिंदुस्थानी दडपलेल्यांच्या देशाचा आहे आणि मीही शेवटच्या श्वासापर्यंत त्याच देशाचा. पहिल्यांदा वाचताना हे वाक्य नुसतं भारी डायलॉग म्हणून जातं. दुसऱ्यांदा वाचताना अंगावर येतं.

कारण १८७४-७५ च्या पुढच्या कादंबरीत, त्या रहस्यमय बेटावाल्या, गुपित फुटतं. अमेरिकन यादवी युद्धातून बलूनमधून पळालेली पाच माणसं आणि एक कुत्रा पॅसिफिकमधल्या निर्जन बेटावर आपटतात, आणि कुणीतरी अदृश्य माणूस त्यांना मदत करत राहतो. हत्यारांची पेटी किनाऱ्याला लागते, पोरगा तापाने जायच्या बेतात असताना टेबलावर क्विनिनची डबी येऊन पडते, चाच्यांचं जहाज टॉर्पेडोने फुटतं. शेवटी तारेचा माग काढत गुहेत जातात तर नॉटिलस आणि आत एकटा म्हातारा नेमो, मरणाला टेकलेला. आणि तो सांगतो मी प्रिन्स डक्कर, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, टिपू सुलतानाचा पुतण्या. दहाव्या वर्षी युरोपात शिकायला, तिशीपर्यंत तिथे, १८४९ ला परत, लग्न, दोन मुलं, मग १८५७. वीस चकमकी लढला, दहा वेळा जखमी, डोक्यावर बक्षीस, बायकामुलं गेली.

आता डक्कर असं नाव बुंदेलखंडात काय अख्ख्या भारतात कुणाचं ऐकलंय का, ठाकूर ऐकून व्हर्नने काहीतरी केलं असावं अशी माझी आपली शंका. टिपू १७९९ ला गेला, म्हैसूर कुठे बुंदेलखंड कुठे, पुतण्या कसा काय ते व्हर्नलाच माहीत. दोन कादंबऱ्यांच्या सालांचा मेळही बसत नाही, नेमो १८६८ मध्ये मरतो आणि प्रोफेसरची सफर सोळा वर्षांपूर्वीची म्हणतात, पण ती सफर तर पहिल्या पुस्तकात १८६७ ला सुरू होते. पण बुंदेलखंड म्हटल्यावर मराठी वाचकाचे कान टवकारतात की नाही सांगा. छत्रसालाचा मुलुख, मस्तानी तिथली, झाशी तिथली. बांद्याचे नवाब म्हणजे बाजीराव-मस्तानीचेच वंशज आणि ५७ मध्ये तेही लढले. व्हर्नला यातलं कितपत ठाऊक होतं कल्पना नाही पण ५७ त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं, कारण १८८० मध्ये त्याने वाफेवर चालणाऱ्या लोखंडी हत्तीची कादंबरी लिहिली ती उत्तर हिंदुस्थानात घडते आणि त्यात नानासाहेब पेशवे पात्र म्हणून आहेत.

आता त्या स्वस्त सेटकडे. त्यात बेटावाल्या कादंबरीचं जे इंग्रजी भाषांतर छापलंय ते किंग्स्टनच्या नावाने १८७५ साली लंडनला निघालेलं. नाव डब्ल्यू. एच. जी. किंग्स्टनचं, काम बरंचसं त्यांच्या बायकोचं, अॅग्नेसचं, असं आता मानतात. कॉपीराइट कधीच संपलाय त्यामुळे फुकट, म्हणून सगळे तेच छापतात. आणि त्यात नेमोची ही कहाणी चक्क फिरवली आहे. मूळ फ्रेंचमध्ये बाप पोराला युरोपात का पाठवतो तर पुढे त्याने आपल्या देशावर जुलूम करणाऱ्यांशी बरोबरीच्या हत्यारांनी लढावं, असा छुपा हेतू. किंग्स्टनमध्ये का पाठवतो? तर आपल्या अधोगतीला गेलेल्या अधर्मी देशाला युरोपच्या पातळीवर आणावं म्हणून! मी ते वाक्य वाचून मूळ फ्रेंच शोधून लावून बघितलं, एका खिडकीत हे एका खिडकीत ते, आणि अक्षरशः तोंडातून शिवी गेली. पुढे ५७ येतं तिथे तर इंग्रजांनी हिंदुस्थानला अराजकातून बाहेर काढून शांतता आणि समृद्धी दिली होती, आणि अडाणी अंधश्रद्ध लोक धूर्त राजांच्या नादी लागले, असं घातलंय. हे व्हर्नने लिहिलेलंच नाही. व्हर्न लिहितो की न्याय पुन्हा एकदा बळापुढे पडला.

म्हणजे बघा, इंग्रजांविरुद्ध लढलेला माणूस, स्वतःच्या तोंडाने मरताना आपली गोष्ट सांगतोय आणि इंग्रजांच्या बाजूने बोलतोय. आणि हे पुस्तक २१व्या शतकात भारतात छापून भारतातल्या पोरांना विकायचं, प्रस्तावना नाही, तळटीप नाही, काही नाही. पैसे वाचवा हो, पण निदान एक पान तरी लिहा की हे भाषांतर असं असं आहे.

हेत्झेलनेही शेवटी हात मारलाच आहे ते वेगळं. व्हर्नच्या हस्तलिखितात नेमोचा शेवटचा शब्द होता 'स्वातंत्र्य', छापताना झालं 'देव आणि देश'. ही दुरुस्ती फ्रेंचमध्येच आहे त्यामुळे चांगल्यातल्या चांगल्या भाषांतरातही तेच मिळणार, त्याला इलाज नाही.

सेटमधलं दुसरं पुस्तक, वीस हजारवालं, ते मर्सिए नावाच्या पाद्रीबुवांचं १८७२ चं भाषांतर. त्यात तर मूळचा पाव भागाच्या आसपास मजकूर गायब आहे. आणि जो आहे त्यात भन्नाट चुका. दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला प्रोफेसर नेब्रास्काच्या बॅडलँड्समधून परत आलेला असतो, तर मर्सिएने फ्रेंच शब्दांचा शब्दशः अर्थ लावून 'डिसअॅग्रीएबल टेरिटरी' करून टाकलंय, म्हणजे नेब्रास्काचा न आवडणारा प्रदेश. नेब्रास्कावाल्यांनी काय घोडं मारलंय कुणास ठाऊक.

तर दुकानात उभं राहून प्रत तपासायची सोपी पद्धत. वीस हजारवाल्याचं दुसरं प्रकरण उघडा, 'डिसअॅग्रीएबल' दिसलं की ठेवून द्या. बेटावाल्याचं पहिलं दुसरं प्रकरण उघडा, त्या पाचजणांचा म्होरक्या असलेल्या इंजिनिअरचं नाव सायरस हार्डिंग असेल तर ते किंग्स्टनचं, ठेवून द्या. व्हर्नने त्याचं नाव सायरस स्मिथ ठेवलंय, ते का बदललं देव जाणे. ऑनलाइन घेताना सँपल पानं दिसतात तिथेही हे चालतं, दोन मिनिटं लागतात.

मग घ्यायचं काय. वीस हजारवाल्यासाठी एक पैसा खर्च करू नका, एफ. पी. वॉल्टरचं पूर्ण भाषांतर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, फोनवर उतरवून घ्या. तिथे मर्सिएचंही आहे तेव्हा नाव बघूनच घ्या. छापील हवंच असेल तर ऑक्सफर्डच्या क्लासिक्स मालिकेतलं विल्यम बुचरचं, टिपा भरपूर, पण शाळकरी पोराला त्या टिपांचं काही पडलेलं नसतं. पूर्ण भाषांतर का हवं तर एक उदाहरण देते, नेमोच्या खोलीत भिंतीवर तसबिरी असतात त्या बघा, पोलंडचा कोश्चुश्को, आयर्लंडचा ओ'कॉनेल, लिंकन, जॉन ब्राउन, सगळे स्वातंत्र्यासाठी नाहीतर गुलामीविरुद्ध लढलेले. तो कुठला हे लपवलेलं असताना त्याचं मन कुठलं ते त्या भिंतीवर टांगलेलं आहे.

बेटावाल्यासाठी मात्र खर्च करायला लागेल. २००१ साली दोन चांगली भाषांतरं निघाली, सिडनी क्रॅविट्झचं वेस्लियन युनिव्हर्सिटीकडून आणि जॉर्डन स्टंपचं मॉडर्न लायब्ररीकडून. दोन्हींत हार्डिंग नाही, अधर्मी देश नाही, नेमो नेमोसारखा बोलतो. वाचायला स्टंप जास्त सरळ वाटलं मला, क्रॅविट्झ थोडं खडबडीत पण मूळच्या जास्त जवळ असं वाटतं आणि बुचरची प्रस्तावना आहे तिथे, हेत्झेलने काय काय बदलायला लावलं ते सगळं त्यात. किंमत त्या स्वस्त सेटच्या कितीतरी पट, बाहेरून येतं म्हणून थांबायलाही लागतं. पाचपैकी साडेचार. अर्धा वजनासाठी कापला.

मराठीत पूर्ण, न कापलेलं, टिपांसकट भाषांतर कुणी करत असेल तर मी आगाऊ पैसे भरायला तयार आहे. बुंदेलखंडचा राजपुत्र, ५७ चा सैनिक, नसीरुद्दीन शाहने हॉलीवूडमध्ये केलेला रोल, आणि आपल्याकडे अजून मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्यांवर भागवायचं म्हणजे काय.

भाच्याचं विचाराल तर सेट परत केला, रिफंड आला, त्याला वॉल्टरवालं फोनवर टाकून दिलंय. मोबाईलमधून डोकं वर काढलेलं नाहीच, पण परवा जेवताना विचारत होता की नॉटिलसला एवढी वीज पुरते कशी, आता सोडियमच्या बॅटऱ्यांचं प्रकरण येईल तेव्हा त्याच्या बापाला फिजिक्स समजवायला लागणार.