पैलवान पोरीसाठी घेतलेला डिजिटल वजनकाटा, सात-आठ महिने वापरून मग लिहितेय

आमची पोरगी नववीत आहे, सोलापुरातच एका तालमीत दोन टाइम जाते, फ्रीस्टाइल खेळते, 46 किलो गट. घरात कुस्ती खेळणारी पोर असेल तर शूज आणि कॉस्च्युमच्या आधी काटा नीट बघून घ्या असं माझं आता पक्कं मत झालंय, का ते सांगते.

पहिला काटा ऑनलाइन मागवलेला, साडेपाचशेचा, काचेचा, दिसायला एकदम भारी. मागच्या वर्षी निवड चाचणीला निघताना घरी 45.9 दाखवला, आम्ही निवांत, आणि तिथल्या काट्यावर भरली 46.4. मग उड्या मारल्या, जाकीट घालून ग्राउंडला चकरा मारल्या, परत चढली, परत उतरली, 46.2 च्या खाली काही येईना आणि वजनाची वेळ संपली. मॅटला पाय न लावता पोरगी घरी आली, रिक्षात एक शब्द बोलली नाही. रात्री भाकरी खाताना एवढंच म्हणाली, आई, विनेशला कसं झालं असेल गं.

खरंच पैलवान विनेश फोगाटचं करिअर बघितलं तर वजनाच्या आकड्यांतच सांगता येतं. 48 किलोत 2014 ला ग्लासगो कॉमनवेल्थचं गोल्ड. 2016 ला रिओ ऑलिम्पिकच्या पात्रता स्पर्धेत मंगोलियात 400 ग्रॅम जास्त भरली म्हणून बाद, तरी हार न मानता इस्तंबूलला जाऊन कोटा, म्हणजे ऑलिम्पिकची जागा, आणलाच, आणि रिओत गुडघा गेला, स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं. 2018 ला 50 किलोत जकार्ताला गोल्ड, एशियाडमध्ये गोल्ड मारणारी आपली पहिली महिला पैलवान. मग 53 किलोत वर्ल्ड चॅम्पियनशिपची दोन ब्राँझ, 2019 आणि 2022. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकला 53 चा कोटा अंतिम पंघाल या दुसऱ्या पैलवान पोरीकडे होता म्हणून हिला परत 50 त उतरावं लागलं, आणि तिथं पहिलीच कुस्ती जपानच्या युई सुसाकीशी, जी तोपर्यंत आंतरराष्ट्रीय कुस्तीत एकदाही हरली नव्हती, तिला शेवटच्या काही सेकंदांत 3-2 ने हरवलं. एका दिवसात तीन कुस्त्या मारून फायनलला गेली. पण 2018 पासून एक गट दोन दिवस चालतो, दोन्ही सकाळी वजन द्यावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी बसलं नाही तर आदल्या दिवशीचं सगळं जाऊन शेवटचा नंबर. रात्रभर घाम काढला, केस कापले, तरी 100 ग्रॅम जास्त राहिलेच, फायनल न खेळताच बाद. आपल्याकडं शेंगाचटणीचं छोटं पाकीट मिळतं ना, तेवढं. ते हातात घेऊन बघा एकदा.

तर दुसरा काटा मी नव्या पेठेतल्या एका सर्जिकल सामानाच्या दुकानातून घेतला, 2100 ला, 50-50 ग्रॅमचा फरक दाखवणारा. दुकानदार चांगले निघाले, म्हणाले ताई पाच वेळा चढा, मग पाण्याची अर्धा लिटरची बाटली हातात घेऊन चढा. तेव्हा कळलं, बऱ्याच स्वस्त काट्यांना मेमरी असते, थोडासाच फरक असला तर मशीन आधीचाच आकडा परत दाखवतं, आणि आपल्याला वाटतं काटा एकदम स्थिर आहे. दुसरी चूक आमचीच, घरात शहाबादी फरशी, जुनी, खालीवर, काट्याचा एक पाय अधांतरी राहायचा. आता स्वयंपाकघरात ओट्यासमोर एक सपाट फरशी शोधून त्यावर खडूनं चार खुणा केल्यात, काटा तिथंच. आणि स्पर्धेत वजन कॉस्च्युम घालून होतं, त्याचे वेगळे ग्रॅम सोडत नाहीत, म्हणून घरीपण कॉस्च्युम घालूनच करतो.

तेव्हापासून दोन स्पर्धा झाल्या, दोन्हीकडं घरच्या आणि तिथल्या आकड्यात 50 ग्रॅमच्या वर फरक नाही.

बॅटरी मात्र लवकर जाते, तीन महिन्यांत, आणि लो दाखवायच्या आधीच आकडा नाचायला लागतो, त्यामुळं एक जोडी घरात ठेवाच. वरची जागापण जरा लहान आहे, पाय मोठे असतील त्यांना अडचण होईल. त्याचा एक मार्क कापते, पाचपैकी चार.

वस्तादांनी सांगितलंय, रोज सकाळी एकदाच, पाणी प्यायच्या आधी, आकडा कॅलेंडरवर लिहायचा आणि विषय सोडायचा. वाढतं वय आहे, हिला उपाशी ठेवून गटात बसवायचं नाही म्हणाले, भरली तर 49 खेळेल. मलापण तेच पटतं. काटा आणल्यावर मलाच दिवसातून चारदा चढवायची सवय लागलेली, पोरगी जेवताना हात आखडता घ्यायला लागली तेव्हा माझे डोळे उघडले. आज सकाळी 46.65 होती, दोन भाकऱ्या खाऊन तालमीला गेली.

घ्यायला जाल तेव्हा सोबत साखरेचं एक किलोचं सीलबंद पाकीट न्या, आधी नुसतं चढा, मग ते घेऊन चढा. दुकानदार चढू देत नसेल तर पुढचं दुकान बघा.